उसन्या रात्री

अमरावती, २१ जुलै २०२५

मायाताई,

जय भीम. तुझा फोन लागत नाही आणि पुढेही लागणार नाही, हे आता ध्यानात आलं आहे. म्हणून कागद घेतला. पत्र उघडायचं की नाही हे तुझ्या हाती राहतं आणि मला माझं म्हणणं क्रमाने मांडता येतं. माझं बोलणं परिपत्रकासारखं असतं असं तू नेहमी म्हणतेस. तेव्हा हे परिपत्रक समज आणि सवडीने वाच.

प्रथम आईविषयी. खुब्याच्या ऑपरेशनची जखम भरली आहे, टाके निघाले. वॉकर धरून ती पलंगापासून मोरीपर्यंत जाते. दुधात कुस्करलेली भाकरी खाते. मला ओळखते, तपोवनातली ही माझी भाड्याची खोली मात्र तिला अजून दवाखानाच वाटते. काल शेजारच्या बाईंना ती 'सिस्टर' म्हणाली आणि बाईंनीही हसून तिची नाडी पाहिली.

अडचण एकच आहे, आणि ती माझ्याच विषयातली असल्यामुळे ती सोडवण्याचा मला उत्साह आहे. आई दिवसा झोपते आणि रात्रभर जागते. घाबरू नकोस, याची कारणमीमांसा अतिशय सुंदर आहे. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तेच शरीराचं घड्याळ. गंमत अशी की बहुतेकांच्या बाबतीत हे घड्याळ चोवीस तासांहून किंचित सावकाश चालतं आणि रोज सकाळचा उजेड त्याला ढकलून जागेवर आणतो. विसरण्याच्या आजारात उजेडाची ही ढकल पुरत नाही आणि दिवसरात्र उलटे होतात. उपायही त्यातूनच निघतो: सकाळी गॅलरीत उन्हात बसवायचं, दुपारी झोपू द्यायचं नाही, संध्याकाळचा चहा बंद करायचा आणि रात्री ठरल्या वेळी दिवा मालवायचा.

याच तत्त्वावर मी पीएचडीसाठी तुमच्या पोलीस ठाण्याचं वेळापत्रक बेतलं होतं. घड्याळ सावकाश चालतं, म्हणून पाळी पुढे सरकवणं सोपं आणि मागे ओढणं अवघड. आधी सकाळपाळी, मग दुपारपाळी, मग रात्रपाळी, प्रत्येक आठ तासांची. आपसांत ड्युटी बदलायची नाही एवढी एकच अट मी घातली, कारण अदलाबदल झाली की कोणाची झोप कशामुळे सुधारली हे सांगता येत नाही. तुम्हा बेचाळीस जणांपैकी एक्केचाळीस जणांची झोप सुधारली. असा प्रयोग इतका स्वच्छ निघणं दुर्मीळ असतं, ताई. माझे मार्गदर्शक किशोर सर तर आलेख पाहून खुर्चीतून उठले होते. आता प्रयोग संपला, तरी वरिष्ठांच्या आदेशाने तेच वेळापत्रक तुमच्याकडे चालू राहिलं आहे, आणि दिवाळीनंतर ते इतर ठाण्यांतही जाईल.

बेचाळिसावी सहभागी कोण, हे तुला सांगायची गरज नाही.

दवाखान्याच्या जिन्यात तू मला म्हणालीस, "तुह्या अभ्यासात आई बसत नाही ना, मंग घेऊन जाय तिले." त्यावर मी बराच विचार केला. तू सकाळपाळीला गेली होतीस, सुगतभाऊजी दालमिलमध्ये होते, आणि आई एकटी दार उघडून बाहेर पडली. क्वार्टरच्या फाटकापुढच्या नालीत ती पडली. या तिन्ही गोष्टींचा क्रम मला मान्य आहे. त्यांचा माझ्या वेळापत्रकाशी असलेला संबंध कार्यकारणाचा की योगायोगाचा, हे अजून ठरायचं आहे.

ओळखीचं घर हे अशा रुग्णाचं निम्मं औषध असतं, असं डॉक्टर म्हणतात. आईने तुझ्याकडे, अकोल्याला परत जावं हे मलाही पटतं. पण दिवसा घरात कोणी नाही तोवर ते होणार नाही, हे तुझंच म्हणणं. म्हणून आधी तिची घडी बसवते. ती दिवसा जागी राहू लागली की तुमच्या शेजारच्या कौशल्याताई किंवा आणखी कोणी तिच्याकडे लक्ष देऊ शकेल, आणि तुला तिला नेता येईल.

मी रागावलेली नाही. सध्या मला कशाचंच फारसं काही वाटत नाही. ही तक्रार नव्हे, निरीक्षण आहे.

तुझी
दीक्षा


अमरावती, ३ ऑगस्ट २०२५

मायाताई,

कार्यक्रमाचं फळ अपेक्षेप्रमाणे नाही. आईला उन्हात बसवलं की ती डोळे मिटते. डोळे उघडावेत म्हणून मी तिच्याशी बोलत राहते; आपले तिवशाचे दिवस, बाबांची सायकल, तू शाळेतून पळून आलीस ती गोष्ट. ती ऐकते आणि म्हणते, "पोरी, चूप ऱ्हाय. लोकं झोपले हायेत."

दिवसा कोण लोक झोपलेले असणार? असे निरर्थक वाटणारे उद्गार या आजारात नेहमीचे असतात. मी ते टिपून ठेवत नाही, पण विसरतही नाही.

रात्री दिवा मालवला की ती उठून बसते आणि हात चालवत राहते. मांडीवर काहीतरी पसरावं आणि बोटांनी वेचावं तसे. मी तिला आडवी करते. ती पुन्हा बसते. असं बऱ्याच वेळा होतं. डॉक्टरांनी झोपेची अगदी सौम्य गोळी सुचवली होती. त्या गोळीने दुसऱ्या दिवशी आईचा तोल जाऊ लागला, म्हणून बंद केली. वजन थोडं उतरलं आहे.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. ती तुझ्याबद्दल विचारते. विचारते असं सौम्य शब्दांत लिहिलं; सकाळ झाली की ती दाराकडे तोंड करून बसते आणि "माया आली का ड्युटीवरून?" एवढंच परत परत म्हणते. पहिल्यांदा मी सांगत असे की ताई अकोल्याला आहे. आता "येईल" म्हणते.

परवा दुधाचं पातेलं गॅसवर राहून जळलं. एवढंच. मी शेजारीच उभी होते.

उपाय चुकीचा नाही. कदाचित त्याला अधिक काळ द्यायला हवा. मी चिकाटी सोडलेली नाही.

दीक्षा


अमरावती, १९ ऑगस्ट २०२५

मायाताई,

कौशल्याताई काल इथल्या कोर्टात साक्षीला आल्या होत्या. साक्ष झाली नाही, पुढची तारीख पडली. त्या वर्दीतच माझ्याकडे आल्या. हातात सूप आणि भाऊजींनी पाठवलेली डाळीची पिशवी. तुझ्याकडून काही निरोप नव्हता, आणि मी विचारला नाही.

आई गॅलरीत होती. कौशल्याताईंनी दारातूनच आवाज दिला, "काय व दीक्षा, बुढीले उनात काहून वाळू घातलं? पापड हाय का ते?" मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "अन तू? तुह्या नाकावर माशी बसली तरी तुले समजनार नाई."

मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि आईच्या उलट्या घड्याळाबद्दल सविस्तर समजावून सांगितलं. पेशींचा पुंजका, उजेड, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. बशीतला चहा संपवला.

"हे सारं मायाले मालूम हाय का?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"का तिची माय बिमार हाय म्हून रातच्याले जागते."

"अर्थात. सहा वर्षं तिच्याकडेच होती."

"सहा वर्षांत बिमार नोती व. ड्युटीवर होती."

पुढचं मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत लिहिलं तर ते अधिक नीटनेटकं होईल.

"आमच्या ठान्यात उसनी ड्युटी चाले. मले नाइट लागली का मी मायाले देवो, तिची दिवसाची मी करो. रागिणीचं पोरगं अंगावरचं, तिची बी नाइट मायाच करे. नत्थुजी हजेरी मास्तर कुरकुरे, का चार्ट मी लिवतो का तुमी लिवता? पन बदलून दे. तुले वाटे का नाइट तिच्या माथी मारून राह्यले. कोनं नाई मारली. तिनं मांगून घेतली."

"पण का?"

"तुह्या मायसाठी, अजून कोनासाठी? सकाई माया ये, आंघोय करे, परदा ओढे, अन दोघी मायलेकी एका गादीवर दुपारलोक घोरत. रातच्याले बुढी सूप घेऊन बसे, सुगतभाऊनं आनलेली डाळ निवडे. सुगतभाऊ दाराले आडवा झोपे. बुढीले बाहेर जाचं तं त्याले तुडवूनच जा लागे. म्या एकडाव पुसलं, आजी, झोपत काहून नाई? तं मले म्हने, मी बी नाइटलेच हाव. पोरगी तिथं जागून राह्यली, मी इथं जागतो."

मी विचारलं की हे तुम्ही कोणी मला प्रयोगाच्या आधी का सांगितलं नाही. प्रत्येकीशी मी समक्ष बोलले होते.

"तू पुसलं का, तुमाले झोप किती येते, थकवा किती येते. घरी कोन हाय, कोनाच्या भरोशावर झोपता, हे कुठी पुसलं? अन आमी तं पह्यलेच म्हनत होतो, नोको बाप्पा हे नवीन लचांड. मायानंच दम देल्ला साऱ्याइले. माह्या बहिनीचं पीएचडी हाय, करा मुकाट्यानं सह्या. आता जिनं सह्या घेतल्या तिनंच पह्यले पाय मांगं घ्याव का?"

जाताना त्यांनी आईच्या पुढ्यात सूप ठेवलं. आईने डाळ ओतून घेतली, सूप एकदा पाखडलं आणि मला म्हणाली, "लाइट लाव, मले दिसत नाई." बाहेर लख्ख ऊन होतं.

त्यानंतर मी पुष्कळ वेळ विचार केला. ज्याला मी बिघाड समजले तो बिघाड नव्हता. प्रत्येक आठवड्याला पाळी बदलणाऱ्याचं घड्याळ कधीच स्थिरावत नाही. पण वर्षानुवर्षं तीच पाळी, सुट्टीच्या दिवशीही तोच दिनक्रम आणि दिवसा अंधारी खोली मिळाली तर काहींचं घड्याळ सावकाश तिकडे वळतं. हे पुस्तकात आहे, मी ते शिकवतेसुद्धा. बेचाळीस जणांत ते एका माणसाला साधलं होतं, आणि त्याच माणसाला मी सर्वाधिक धोक्यात असलेली सहभागी ठरवलं. आईचं घड्याळ तुझ्या ड्युटीवर लावलेलं होतं. तू सकाळपाळीला जाऊ लागलीस. ती मात्र तिची रात्र करून झोपली, मधेच जागी झाली, आणि शेजारची गादी रिकामी होती.

ती भटकायला गेली नव्हती, ताई. ती तुला बघायला निघाली होती.

हा विषय मी तुझ्यामुळे निवडला, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. घरी आलीस की तुझे डोळे लाल असत आणि मला वाटे, हिला यातून सोडवायला हवं.

हे वाक्य लिहून झाल्यावर मी थांबून पाहिलं, काही वाटतं का. नाही वाटलं.

दीक्षा


अमरावती, ७ सप्टेंबर २०२५

मायाताई,

गणपतीचा बंदोबस्त काल संपला असेल. बंदोबस्तात कोणतंच वेळापत्रक उरत नाही, हे प्रबंधात मी एका परिच्छेदात लिहिलं आहे. तो परिच्छेद आता मला फारच सुरेख वाटतो.

आईचा उन्हाचा कार्यक्रम मी बंद केला. खिडकीला जाड चादर लावली. ती सकाळी झोपते, दुपारी उठते, आणि रात्री आम्ही दोघी जाग्या असतो. ती डाळ निवडते, मी प्रबंध तपासते. डाळ संपली की सगळी पुन्हा मिसळून तिच्यापुढे ठेवते. तिची हरकत नसते. कॉलेजच्या सकाळच्या तासिका मी सध्या घेत नाही. प्राचार्यांनी त्या दुसऱ्याला दिल्या.

आईचं वजन पुन्हा भरलं आहे. ती शांत आहे. मात्र सकाळी गादीवर पडल्यावर ती शेजारची जागा हाताने चाचपते. मी तिथे आडवी होते. ती हात काढून घेते. तिला फरक कळतो.

माझ्याविषयी थोडं, कारण ते विषयाला धरून आहे. तुझ्या घड्याळाला वळायला वर्षं मिळाली, माझ्या घड्याळाला आठवडे. दिवसा मला झोप लागत नाही आणि रात्री मी जागी असते असंही म्हणवत नाही. झोप पुरी झाली नाही की माणूस चिडका होतो, एवढंच सर्वांना ठाऊक असतं. फार दिवस तसेच गेले की पुष्कळदा चिडही उरत नाही. माणूस सगळं पाहतो, पण काचेपलीकडचं पाहावं तसं. तुमच्या ठाण्यातल्या मुलाखतींत मला एका अंमलदाराने सांगितलं होतं, "म्याडम, अॅक्सिडेंटचा पंचनामा करतो अन मनात विचार येते का आज घरी भाजी काय असन." तेव्हा मी ते उदाहरण म्हणून उतरवून घेतलं होतं. आता ते मला समजतं, आणि समजल्याचा आनंद व्हायला हवा तो होत नाही.

पातेल्याबद्दल मी जे लिहिलं होतं ते पूर्ण नव्हतं. कौशल्याताईंनी तुला सांगितलंच असेल, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. आई पातेलं उतरवायला आली आणि तिच्या डाव्या मनगटावर भाजलं. फोड बसला आहे, डाग राहील. मी शेजारीच उभी होते, हे मात्र खरं होतं.

किशोर सरांकडे जाऊन आले. त्यांनी शांतपणे समजावलं, "दीक्षा, एक सहभागी सगळ्या आलेखाला खाली ओढते आहे. कौटुंबिक अपघाताचं कारण दाखवा आणि तिला वगळा. नियमात बसतं."

"सर, अपघात प्रयोगाच्या काळात झाला."

"म्हणूनच तर वगळता येतं."

"म्हणूनच वगळता येत नाही, सर."

त्यांनी चष्मा काढला. "ती तुमची बहीण आहे, हे मला ठाऊक आहे. पण परीक्षकांना ते कळलं तर ते म्हणतील, भावनेच्या भरात लिहिलं."

मी म्हणाले, "सर, भावनेचा तर काहीच भर नाही." त्यांनी चष्मा पुन्हा घातला.

उपअधीक्षक साहेबांनी सगळ्या ठाण्यांना वेळापत्रक लागू करण्यापूर्वी अकोल्यात एक बैठक ठेवली आहे. माझं सादरीकरण आहे. मी बोलणार आहे, ताई. तुझ्या नावाने नाही, पण तुझ्यावर.

दीक्षा


अमरावती, १८ सप्टेंबर २०२५

मायाताई,

बैठक झाली. तू त्या दिवशी दुपारपाळीला होतीस. नत्थुजींच्या चार्टवरून मला कळलं. येताना मी तुमच्या क्वार्टरवरून गेले नाही.

सादरीकरण नेहमीप्रमाणे सुरू केलं. पुढे सरकणारी पाळी, आठ तास, आलेख. साहेबांना ते सारं पाठ आहे. त्यांनी मान डोलावली. मग मी म्हणाले की यात एक दुरुस्ती हवी, आपसांतल्या अदलाबदलीची बंदी उठवावी. आणि ज्यांना स्वखुशीने कायम रात्रपाळी हवी असेल त्यांना ती मिळावी.

नत्थुजी मागच्या रांगेतून उठलेच. "साहेब, नोको! पह्यले रोज सकाई माह्या टेबलाभोती दहा जन. मास्तर, माही नाइट इले द्या, हिची दिवसाची मले द्या. माह्याच्यानं जेवनं होत नोतं. आता चार्ट पाय अन जाय. म्याडमनं माह्यावर उपकार केले, तेच आता फेडून घेऊन राह्यल्या का?"

सगळे हसले. साहेबही हसले आणि मला म्हणाले, "मॅडम, अदलाबदल बंद करा हे तुमचंच म्हणणं होतं. कायम रात्रपाळी कोणालाही देऊ नये, ही तर तुमची शिफारस. आमचा आदेश तिच्यावर उभा आहे. आता कोणासाठी बदलायचा? एका कर्मचाऱ्यासाठी?"

मी फळ्यापाशी गेले. ताई, मला वाटतं मी त्या दिवशी चांगलं शिकवलं. मी सांगितलं की माणूस एकटा झोपत नाही. पोलिसाच्या झोपेला घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी आधार असतो. कोणाची सासू दार लावून घेते, कोणाचं मूल शेजारीण सांभाळते, कोणाची आई शेजारी झोपते. मी मोजलेली झोप एकेका माणसाची होती. उसन्या ड्युट्यांनी जे चालत होतं ते मी मोजलं नव्हतं, म्हणून ते मला दिसलं नाही, आणि जे दिसलं नाही त्याला मी शिस्तभंग म्हटलं. नत्थुजींसाठी मी तोडगाही दिला: अदलाबदल महिन्यातून एकदा, चार्ट लागण्याआधी, दोघींनी मिळून मागायची, त्यानंतर टेबलाजवळ कोणी यायचं नाही. नत्थुजी म्हणाले, "हे लिवून द्या म्हनजे झालं." मग पुटपुटले, "पोरी ऐकत नाईत, पन लिवून द्या."

साहेबांनी विचार केला. शेवटी म्हणाले, "ठीक. पण ती शिफारस तुम्ही लेखी मागे घ्या, सहीनिशी. आणि ज्यांना कायम रात्रपाळी हवी त्यांचा अर्ज त्यांच्या हातचा पाहिजे. उद्या कोणी म्हणायला नको की जबरदस्ती केली."

किशोर सर माझ्या शेजारीच होते. त्यांनी अगदी हळू मान हलवली; करू नका, अशी. ती शिफारस म्हणजे प्रबंधाचं शेवटचं प्रकरण होतं. मी सही केली. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "एका माणसासाठी निष्कर्ष मोडत नसतात." मी म्हणाले, मोडला नाही, तो कुठवर लागू पडतो ते लिहिलं. परतताना गाडी बडनेऱ्याला आली. तिथे सर म्हणाले, "प्रबंध यंदा जाणार नाही, हे कळतंय ना?" मी हो म्हणाले. मला खिडकीतून कपाशीचं शेत दिसत होतं आणि ते कपाशीचं आहे एवढंच मनात आलं.

आता तुझ्याकडे येते. रस्ता मोकळा आहे, पण अर्ज तुझाच लागतो. तू अर्ज दिलास तर रात्रपाळी तुझी, दिवस आईचा, आणि ती घरी येते. तू नाही दिलास तर ती इथेच राहील आणि रोज सकाळी दाराकडे तोंड करून बसेल. मी तिला सांभाळीन. पण तिच्या शेजारची जागा मला भरता येत नाही, हे मी पुरेशा वेळा तपासून पाहिलं आहे.

अर्जाचा मसुदा सोबत जोडणार होते. चार परिच्छेद झाले होते. नाही जोडला. तुझ्या भाषेत लिही.

माझ्याशी बोलण्याची गरज नाही. अर्ज नत्थुजींकडे द्यायचा आहे.

दीक्षा


अमरावती, १३ ऑक्टोबर २०२५

मायाताई,

हे पत्र टपालात टाकायचं नाही. तू पलंगावर, भिंतीच्या बाजूला झोपली आहेस, आणि मी तुझ्यापासून हातभर अंतरावर खुर्चीत आहे.

कौशल्याताईंचा फोन शनिवारी आला. "देल्ला व मायानं अर्ज. एकच लाइन हाय. मले नाइट पायजे, घरचं कारन हाय. नत्थुजी म्हने, बाई, कारन तं सविस्तर लिव. तं ती म्हने, सविस्तर पायजे असन तं माह्या बहिनीले पुसा, ते थांबतच नाई." फोनवर त्या पुष्कळ हसल्या. मीही हसायला हवं होतं. मी "बरं" म्हणाले.

तू आज येशील हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. काल तुझी पहिली रात्र होती, हे मला माहीत होतं. तू पहिल्या बसने निघाली असणार. दारात उभी राहिलीस तेव्हा तुझ्या अंगावर वर्दी होती आणि डोळे लाल होते. आई नुकतीच झोपली होती. तू माझ्याकडे पाहिलंस, मग तिच्या मनगटावरच्या डागाकडे, आणि पुन्हा माझ्याकडे. मी समजावून सांगायला तोंड उघडलं.

"सुगत चार वाजता गाडी घेऊन येते," तू म्हणालीस. "तोवर बोलू नको."

इतक्या महिन्यांत तू मला उद्देशून बोललेली ही दोन वाक्यं. मग तू बूट काढलेस, बेल्ट काढलास, आणि वर्दीतच तिच्या बाजूला आडवी झालीस. आईने डोळे उघडले नाहीत. तिचा हात सरकत आला, तुझ्या खांद्यावरच्या फितीवर थांबला, आणि झोपेतच ती म्हणाली, "लय उशीर केला व आज." तू म्हणालीस, "बस लेट होती." त्यानंतर दोघींचा श्वास संथ झाला. किती वेळात झाला ते मी पाहिलं नाही. पूर्वी पाहिलं असतं.

तिची बांधाबांध झाली आहे. वॉकर दारापाशी आहे. औषधं कापडी पिशवीत आहेत. कोणतं केव्हा, हे भाऊजींना सांगीन. तू तिला नेशील आणि माझ्याशी बोलशील की नाही, हे मला ठाऊक नाही. ते या व्यवस्थेत गृहीत धरलेलं नव्हतं.

आणखी एक निरीक्षण. तुम्ही दोघी झोपल्यावर मला वाटलं की आपल्याला आता रडू येईल. मी वाट पाहिली. आलं नाही, पण त्याऐवजी जांभई आली, मोठी, आणि मग दुसरी. जांभईबद्दल मला तुला बरंच काही सांगता येईल. ती एकाची दुसऱ्याला का लागते, याच्या दोन-तीन उपपत्ती आहेत, आणि त्यांतली मला सर्वांत पटणारी

आई कूस बदलते आहे. कागदाचा आवाज होतो. थांबते.